विश्रामबागवाडा: पाहुण्यांना शनिवारवाडाच का दाखवतो आपण?

कडीपाट

पुण्यात पाहुणा आला की त्याला शनिवारवाड्यावर न्यायची रीत आहे. नेऊन दाखवतो काय? दिल्ली दरवाजा, त्याचे खिळे, तटावरून एक चक्कर आणि आत गवतात उरलेली जोती. बाकी सगळं गाईडच्या तोंडात. १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती, तिनं आतलं घर नेलं. उरला तो कोट. पेशवाईतला माणूस राहायचा कसा, बसायचा कुठे, जिना कुठून चढायचा, यातलं काहीएक तिथे कळत नाही.

ते बघायचं असेल तर बाजीराव रस्त्यानं तुळशीबागेच्या बाजूला यावं. विश्रामबागवाडा समोरच आहे. तीन चौक, सागवानी खांब, वरच्या मजल्यावर दरबाराचा दिवाणखाना, आणि दारावर तो पुढे आलेला कोरीव सज्जा. रोज हजारो लोक त्याच्याखालून जातात आणि मान वर करत नाहीत.

मला या वाड्याचं तोंड फार महत्त्वाचं वाटतं. शनिवारवाडा १७३२ सालचा. तो गावाकडे पाठ करून, तट-बुरूज उभारून बसला. विश्रामबाग त्यानंतर पाऊण शतकानं झाला आणि तो सरळ रस्त्याकडे तोंड करून उभा आहे. ना बुरूज, ना खंदक. सगळ्यात महागाचं कोरीवकाम आतल्या चौकात न ठेवता येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं दर्शनी भागावर लावलंय. पेशव्याचं असलं तरी हे शहरातलं घर आहे, आणि शहरातच असल्यासारखं ते वागतं. बांधणारा दुसरा बाजीराव होता म्हणून आपण वाड्यालाही नावं ठेवायची का?

पेठकर_३०

बाहेर रस्ता थोरल्या बाजीरावांचा, आत वाडा धाकट्या बाजीरावाचा. महापालिकेला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतो?

नाना_नव्हे

कडीपाट, वाडा सुंदर आहे, वाद नाही. पण कधी बांधला तेही बघा की. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरला होळकरांनी धूळ चारली, बाजीराव पळाला, वर्ष संपता संपता वसईचा तह केला आणि इंग्रजांच्या संगिनींच्या आधारानं १८०३ च्या मे महिन्यात परत गादीवर येऊन बसला. त्यानंतर होळकरांच्या लुटीनं आणि दुष्काळानं गाव पोळलेलं असताना याचं बांधकाम चालू. सहा वर्षं आणि दोन लाख रुपये. शनिवारवाड्याला सुरुवातीला लागले होते १६,११० रुपये. बुरूज नाहीत म्हणता, पण बुरूज होते ना! ते इंग्रज रेसिडेंटच्या छावणीत होते. भाड्याचा पहारा असला की घराला मोठ्या खिडक्या काढता येतात.

कडीपाट

हे शेवटचं वाक्य माझ्या पोस्टपेक्षा चांगलं आहे, आणि मला ते मान्यही आहे. पण त्यानं माझा मुद्दा पक्काच होतो. घराच्या दर्शनी भागावरून राजकारण वाचता येतं. शनिवारवाड्याचा तट सांगतो की मालकाला शत्रू आहेत आणि त्यांच्याशी तो स्वतः लढणार आहे. विश्रामबागचा सज्जा सांगतो की लढण्याचं काम आता दुसऱ्याकडे सोपवलंय.

रुपयांची तुलना मात्र सोडा. १६,११० हा सुरुवातीच्या इमारतीचा खर्च. तट, मजले, कारंजी, दिवाणखाने ही भर पुढे तीन पिढ्या पडत गेली. शिवाय मध्ये सत्तर-पंचाहत्तर वर्षं गेली.

हडपसरचा_पाहुणा

माझ्या गावचा उल्लेख पराभवाखेरीज कुठल्या धाग्यावर होईल का कधी?

सुतारपक्षी

आमच्या घरात पिढीजात लाकूडकाम होतं. मी स्वतः आता फर्निचरचं दुकान चालवतो, तरी जुन्या वाड्यात शिरलो की आधी वर बघतो. इतिहासाचं तुम्ही बघा, मी लाकडाचं सांगतो.

वाड्यात भार भिंतीवर नसतो, खांबांवर असतो. खाली दगडी जोतं, त्यावर प्रत्येक खांबाला दगडी तळखडा. लाकडाचं बूड जमिनीला लागलं की ओल पिऊन कुजतं, म्हणून हा दगड मध्ये. खांबाच्या डोक्यावर दोन्ही अंगांना हात काढलेले असतात, त्यावर तुळई, तुळईवर आडवे तीर, तिरांवर फळ्या बसवून कडीपाट (धागाकर्त्याला नमस्कार) आणि वर माती-चुन्याचा कोबा. सांधे एकमेकांच्या खाचेत बसवलेले. भिंत नंतर भरून घ्यायची. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि सगळं घर खणांत मोजायचं. आमचे आजोबा फुटांत बोलायचेच नाहीत. गिऱ्हाईकाला विचारायचे, 'किती खणी काढायचंय?'

विश्रामबागेत वरच्या दिवाणखान्यात जाऊन खांब बघा. सुरूदार आहेत, म्हणजे सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर आणि वर निमुळते होत गेलेले. उत्तरेकडच्या मोगली इमारतींत हा आकार दगडात असतो, मराठ्यांनी तो सागवानात आणला. दगडात वरून ठोकत ठोकत उतरता येतं. लाकडात मात्र फुगीर भागासाठी लागेल तेवढा जाड ओंडका आधी घ्यावा लागतो आणि वरचा सगळा माल तासून टाकून द्यावा लागतो. खर्च तिथे होतो. नानांनी दोन लाख म्हटलं, त्यातले किती नुसते भुसा झाले असतील याचा विचार करतो मी!

महिरपींच्या टोकांना खाली लोंबणारी केळफुलं आहेत, तीही बघा. एक पाकळी जरा सुटलेली काढायची पद्धत असते, उमलायला लागल्यासारखी. आज ते काम करून देणारा कारागीर शोधायला निघालात तर पुण्यात कितीजण हात वर करतील, मला शंकाच आहे.

आगाशी

सुतारपक्षी, जियो! भिंतीवर भार नसतो हे पानशेतच्या पुरात लोकांनी डोळ्यांनी बघितलं. १२ जुलै १९६१. नदीकाठच्या पेठांतल्या वाड्यांच्या वरच्या मजल्यांच्या भिंती कच्च्या विटांच्या, त्या पाण्यात विरघळल्या. आमचे काका सांगायचे की काही ठिकाणी भिंत गेली, पण खांब आणि वरचं छप्पर जागच्या जागी, घरातल्या खुंट्यांना कपडे लटकलेले. अर्थात सगळीकडे असं झालं नाही. कित्येक वाडे भुईसपाट झाले.

दप्तरी

वाडा बांधला कोणी याच्यावरच चर्चा अडकली आहे. बाजीराव तिथे राहिला जेमतेम दशकभर. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, तो पुणं सोडून गेला, पुढच्या जूनमध्ये इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला गेला. १८५१ साली तिकडेच वारला. वाडा त्याच्यापाठी दोनशेहून जास्त वर्षं उभा आहे, आणि त्याचा खरा इतिहास मालक गेल्यावर सुरू होतो.

६ ऑक्टोबर १८२१ ला मुंबईचा इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या राजवटीत इथे संस्कृत पाठशाळा निघाली. पैसा दक्षिणा फंडातला. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, ती एकदम बंद केली तर गाव बिथरेल हे एल्फिन्स्टन ओळखून होता. म्हणून त्यातला काही भाग पाठशाळेकडे वळवला. सुरुवातीला विद्यार्थी फक्त ब्राह्मण. वेद, न्याय, ज्योतिष, व्याकरण. म्हणजे मालक बदलला तरी वाड्यात आवाज घुमायचा तो संस्कृतचाच.

१८५१ मध्ये तिचं इंग्रजी शाळेशी एकत्रीकरण होऊन पूना कॉलेज झालं. १८६४ मध्ये नाव डेक्कन कॉलेज, आणि १८६८ मध्ये ते येरवड्याला जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या इमारतीत गेलं. येरवड्याचं डेक्कन कॉलेज मूळचं बाजीराव रस्त्यावरचं आहे, हे तिथे शिकलेल्यांनाही सांगावं लागतं.

मेजर थॉमस कँडी या पाठशाळेचा प्रमुख होता. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचं काम करणारा तोच. मराठीत स्वल्पविराम-पूर्णविराम रुळवण्याचं श्रेय त्यालाच देतात. तेव्हा या धाग्यावर ज्यांनी अजून एकही पूर्णविराम दिलेला नाही त्यांनी वाड्याच्या दारात उभं राहून क्षमा मागावी.

पेठकर_३०

मागितली

गंजपेठ_वेस

दप्तरीकाका, कँडीचं नाव घेतलंत आणि तिथेच थांबलात! १६ नोव्हेंबर १८५२ राहिला की. जोतीराव फुल्यांचा मुलींच्या शाळांच्या कामाबद्दल सरकारतर्फे शाल देऊन सत्कार झाला तो याच विश्रामबागवाड्यात, आणि याच कँडीच्या हस्ते. जोतीरावांचं वय तेव्हा पंचवीस.

ही एक तारीख मला या वाड्याच्या सगळ्या कोरीवकामापेक्षा मोठी वाटते. पेशव्याचा वाडा, आत दक्षिणा फंडावर चालणारी संस्था, आणि तिथे पेठेतल्या एका माळ्याच्या मुलाला बोलावून शाल घालतात. तीसुद्धा मुलींना शिकवल्याबद्दल. त्या दिवशी तिथे बसलेल्यांतल्या किती जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील!

आणि पुण्यानं काय जपलं ते बघा. जिथे सत्कार झाला तो वाडा उभा आहे. जिथे १८४८ साली शाळा निघाली तो भिडेवाडा मोडकळीला येऊन कोर्टकचेऱ्यांत अडकला आणि शेवटी २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला. तिथे स्मारक व्हायलाच हवं, पण मूळ खांब-तुळया बघण्याची संधी गेली ती गेलीच.

कडीपाट

गंजपेठ_वेस, हे धाग्याच्या मुख्य पोस्टमध्येच यायला हवं होतं. वाड्यात हिंडणाऱ्याला ही तारीख ठळक अक्षरात दिसायला हवी.

शनिपारची_मावशी

तुम्ही सगळे पुस्तकातलं सांगताय. आमचं तिथे कायम जाणं-येणं असायचं. माझे वडील महापालिकेत होते. १९५० ला महापालिका झाली तेव्हा कारभार विश्रामबागेतूनच चालायचा, शिवाजीनगरची इमारत नंतरची. वडिलांच्या बोलण्यात 'वाड्यावर जाऊन येतो' असंच असायचं. लोकांना वाटायचं आमचा मोठा वाडा आहे कुठेतरी. होतं काय, तर दिवाणखान्यात फायलींची कपाटं! सुरूच्या खांबाला टेकून कारकून डबा खायचे. वडील सांगायचे, पावसाळ्यात छत गळायला लागलं की आधी फायली हलवायच्या, मग माणसं.

आणि दर्शनी भागातलं पोस्ट विसरलात की काय? राखीची पाकिटं टाकायला आम्ही कायम तिथेच जायचो. पेशव्यांच्या वाड्यात आंतर्देशीय पत्र घ्यायचं, असा थाट फक्त पुण्यात.

सुतारपक्षी

मावशी, तुमच्या वडिलांच्या त्या कपाटांनीच वाडा वाचवला असं माझं ठाम मत आहे. रिकामं लाकडी घर दहा वर्षांत खलास होतं. माणसं असली की कौल सरकलेलं कोणाला तरी दिसतं, वाळवीची माती कोणीतरी झाडतं, खिडक्या उघडतात म्हणून वारा खेळतो. कारकून डबा खात होता, पण वर पाणी कुठून गळतंय हे त्यालाच माहीत होतं.

नाना_नव्हे

हो, आणि कारकुनांनीच खांबांना ऑईलपेंट फासला असेल. तेही श्रेय द्या.

सुतारपक्षी

ते दुखणं खरं आहे, कुठल्याही जुन्या वाड्यात जा. सागवानाला तेल द्यायचं असतं. त्यावर रंगाचे थर चढले की कोरीवकामाच्या कडा बुजतात आणि पाकळ्या गोल गोळे दिसायला लागतात. रंग काढताना घाई केली तर रंगाबरोबर कडाही जातात. भिंतींचंही तेच. चुन्याचा गिलावा ओल घेतो तशी सोडतो. त्यावर सिमेंट मारलं की ओल आत कोंडते आणि लाकडाची वाट धरते. पूर्वी चुना दगडी चाकाच्या घाणीत मळायचे, त्यात गूळ-हिरड्याचं पाणी घालायचे. ते करायला वेळ लागतो. ठेकेदाराला वेळ नसतो.

आगाशी

विश्रामबागेचं जतनाचं काम त्या मानानं बरं झालंय. निदान सज्जा आणि दिवाणखाना बघून तरी असं वाटतं की लाकूड कळणारी माणसं कामावर होती.

दप्तरी

आगीचं कोणीच बोललं नाही. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा असे दोन्ही पेटले. ठरवून लावलेली आग. बुधवारवाडाही दुसऱ्या बाजीरावाचाच, तो पुरता गेला. विश्रामबागेचा एक भाग जळाला, तेव्हा तिथे सरकारी हायस्कूल होतं. वासुदेव बळवंत फडके तेव्हा मोकळे होते, जुलैत पकडले गेले. सरकारचा पहिला संशय अर्थातच त्यांच्या माणसांवर. गावातल्या वातावरणाची कल्पना करा. पश्चिमेच्या डोंगरांत दरोडे, वर्तमानपत्रांवर नजर, आणि भर पेठेत पेशव्यांचे दोन वाडे पेटलेले.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जळका भाग लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशातून पुन्हा उभा केला. पेशवाई जाऊन साठ वर्षं झाली होती. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला तेव्हा तो पुन्हा उभा करायला कोणी पुढे आलं नाही. विश्रामबागेला आले, कारण तिथे पोरं शिकत होती.

नाना_नव्हे

बरोबर. बाजीरावासाठी दमडी कोणी दिली नसती.

हडपसरचा_पाहुणा

एक प्रामाणिक प्रश्न. पेशव्याचं राहतं घर म्हणता, मग शनिवारवाडा हाताशी असताना त्याला दुसरं घर हवंच कशाला होतं? तेही इतक्या जवळ?

दप्तरी

१७७३ मध्ये नारायणरावांचा खून त्याच वाड्यात झाला, आणि त्यात ज्यांच्यावर ठपका आला ते राघोबादादा म्हणजे या बाजीरावाचे वडील. त्याचं स्वतःचं तरुणपण नजरकैदेत गेलं. अशा माणसाला त्या वाड्यात गाढ झोप लागत असेल असं वाटत नाही. अर्थात हा माझा कयास. गावात त्यानं एक नाही, बरेच वाडे बांधले: बुधवार, शुक्रवार आणि हा. विश्रामबागेची जागा आधी हरिपंत फडक्यांची बाग होती. गर्दीतून जरा बाजूला, झाडी असलेली. आज तिथे गर्दीतून बाजूला होऊन दाखवा.

वाडेकर_नाव_नाही

वाचतोय शांतपणे, पण एक सांगतो. आमचा नारायण पेठेतला वाडा बारा वर्षांपूर्वी पाडला. दोन चौकी होता. भाडेकरू अकरा, त्यांचं भाडं महिन्याला कोणाचं वीस रुपये, कोणाचं पस्तीस. १९४७ च्या भाडेकायद्यानं भाडी गोठली, आणि त्या पैशात वर्षाला कौलं शेकारायची मजुरीसुद्धा सुटत नव्हती. भाडेकरूंना तरी काय दोष देणार, त्यांच्याही तीन पिढ्या तिथे वाढल्या. शेवटी बिल्डर आला आणि सगळ्यांना फ्लॅट मिळाले. आईला लिफ्ट मिळाली. तिला विचारलं तर ती वाड्यात परत जाणार नाही. संडास चौकाच्या पलीकडे होता, पावसात छत्री घेऊन जावं लागायचं.

सांगायचं कारण, इथे सगळे वाडा जपला पाहिजे म्हणतात. महापालिकेला जपता येतो, कारण तिला त्यात राहायचं नसतं.

सुतारपक्षी

लाकडाचं काय केलंत?

वाडेकर_नाव_नाही

तुम्ही हे विचारणार हे माहीतच होतं. देवघराची चौकट आणि चार खांब नव्या घरात आणलेत. खांब हॉलच्या कोपऱ्यात उभे आहेत, वर काहीच पेलत नाहीत. बाकी तुळया घनफुटावर गेल्या.

सुतारपक्षी

जुना सागवान असा घनफुटावर गेला की त्याच्या खुर्च्या होतात. माझ्या दुकानातही आहेत, खोटं कशाला बोलू. निदान दारं-खिडक्या तरी राजा केळकर संग्रहालयात जाऊन बघा, कुठल्या कुठल्या घरांची कोरीवकामं तिथे आलीत. पण वस्तू दालनात बघणं वेगळं आणि खांब डोक्यावर छप्पर पेलताना बघणं वेगळं. विश्रामबागेत खांब अजून कामावर आहेत.

गंजपेठ_वेस

वाडेकर, तुमच्या आईंचं म्हणणं पटतं. पुण्याचे वाडे सगळ्यांसाठी सारखे सुखाचे नव्हते. चौकात कोणी यायचं आणि कोणी देवडीतच थांबायचं हेही त्या नकाशातच असायचं. देवडी, पहिला चौक, मागचा चौक, माजघर. एकेक उंबरा म्हणजे एकेक गाळणी. विश्रामबागेत शाळा आली, कचेरी आली, पोस्ट आलं, तेव्हा त्या गाळण्या गेल्या. आता कोणीही थेट दिवाणखान्यात जाऊन उभं राहतं.

कडीपाट

म्हणूनच म्हणतो, पाहुण्यांना इथे आणा. ज्यांना प्रत्यक्ष बघायचंय त्यांच्यासाठी: आधी आत शिरू नका. रस्ता ओलांडून तुळशीबागेच्या बाजूच्या फुटपाथवर उभे राहा, तिथूनच सज्जा नीट दिसतो. शक्यतो सकाळी दुकानं उघडायच्या आधी जा, नंतर समोर दुचाक्यांची रांग लागते. मग दर्शनी दारातून चौकात, तिथून वर दिवाणखान्यात. खाली येताना खांबांचे तळखडे बघा, प्रत्येकाची घडण सारखी आहे का ते तपासा. शहराच्या इतिहासाचं प्रदर्शनही वाड्यात मांडलेलं आहे. उघडण्याच्या वेळा निघण्याआधी विचारून घ्या, हे पुणं आहे.

पेठकर_३०

दुपारी एक ते चार वाडा विश्रांती घेतो का?

शनिपारची_मावशी

नावातच आहे की रे बाबा. पण तू पोस्टाची वेळ विचार आधी, मला पाकिट टाकायचंय.